रस्ते अपघातांची देशवार क्रमवारी: हे आकडे एकमेकांशी जुळवण्यासारखे आहेत तरी का?

अनवाणी
देशोदेशीच्या अपघातांची यादी कुणीतरी शेअर करतं आणि लगेच हा देश पुढारलेला, तो मागासलेला असं सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे की पोलिसांच्या आकड्यांवरून अशी क्रमवारी लावूच नये. मेलेला माणूस कुणी मोजला, किती दिवसांपर्यंत मोजला, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. आंतरराष्ट्रीय व्याख्या अशी की अपघातानंतर ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूत धरायचा. पण फ्रान्स २००४ पर्यंत ६ दिवसच धरायचा, आणि जपानचे पोलीस जो मुख्य आकडा जाहीर करतात तो आजही २४ तासांचा असतो. २०२२ चा तो आकडा होता २,६१०, आणि ३० दिवसांचा हिशेब केला की तोच ३,२०० च्या वर जातो. ही माणसं हॉस्पिटलमध्ये गेली म्हणून ती रस्त्यावरच्या मृत्यूत नाहीत का?

आणि हे तर नोंदी नीट ठेवणाऱ्या देशांचं झालं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८ चा अहवाल काढून बघा. त्यात २०१६ साठी चीनने कळवलेले मृत्यू सुमारे ५८ हजार आणि संघटनेचा अंदाज अडीच लाखांच्या वर, भारताने कळवलेले दीड लाख आणि अंदाज जवळपास ३ लाख. इतकी तफावत असताना कोण कितवा हे कशाच्या जोरावर सांगायचं?

गिअरबदल
असहमत. तुम्ही व्याख्येवर अडकलात, खरा घोळ भागाकारात आहे. लाख लोकसंख्येमागे मृत्यू हा दर सगळे वापरतात पण त्यातून रस्ता धोक्याचा आहे की लोक जास्त गाडी चालवतात हे कळतच नाही. अमेरिकेत २०२० मध्ये साथीमुळे गाड्या कमी धावल्या, एकूण अंतर साधारण ११ टक्क्यांनी घटलं आणि तरी मृत्यू ३६ हजारांवरून ३९ हजारांच्या आसपास गेले. नुसता लाखामागचा दर बघितला तर थोडी वाढ दिसते, बस. किलोमीटरमागे बघितलं की कळतं रिकाम्या रस्त्यांवर वेग किती सुटला होता ते. विमानाचा, रेल्वेचा धोका आपण प्रवासाच्या अंतरावर मोजतो, मग रस्त्याचाच का नाही? दर अब्ज किलोमीटरमागे मृत्यू, हेच माप प्रामाणिक आहे.

अनवाणी
@गिअरबदल, हे अब्ज किलोमीटर कुणाचे हो? गाड्यांचे! संघटनेच्या २०२३ च्या अहवालात मरणाऱ्यांपैकी २३ टक्के पादचारी आहेत, दुचाकी-तिचाकीवाले आणखी २१ टक्के, सायकलवाले ६. चालणारा माणूस वर अंशात येतो आणि खाली छेदात त्याचं एकही पाऊल नसतं. शिवाय एखाद्या देशाने लोकांना बस आणि रेल्वेकडे वळवलं, गाड्यांचं धावणं कमी केलं आणि त्यामुळे माणसं वाचली, तर तुमच्या दरात त्याचं श्रेय दिसणारच नाही. लाखामागच्या दरात दिसेल.

गाड्यांमागे दर काढणं तर त्याहून वाईट. स्मीड नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच २० देशांच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की गाड्या वाढत गेल्या की दर गाडीमागचे मृत्यू घटतात. मग गाड्यांचा खप वाढला की सरकार म्हणणार, बघा आम्ही सुरक्षित झालो. तिकडे मृतांची संख्या वाढलेली असली तरी!

नोंदवही
मी हॉस्पिटलच्या नोंदी बघते म्हणून थोडं लिहिते. पोलिसांचा आकडा कमी का येतो तर प्रत्येक वेळी कुणी लपवतं म्हणून नाही. जखमीला आधी एका ठिकाणी नेतात, मग मोठ्या हॉस्पिटलला हलवतात, आठवड्याने तो जातो, आणि अपघात जिथे नोंदवला त्या ठाण्याला कुणी कळवतच नाही, त्यामुळे कागदावर तो जखमीच राहतो. हॉस्पिटलची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘डोक्याला मार’ एवढंच लिहिलेलं असतं, मार कशाने लागला ते नाही, मग तो मृत्यू अनिश्चित कारणांच्या गठ्ठ्यात जातो. स्वीडनमध्ये पोलिसांची आणि हॉस्पिटलची नोंद एकाच यंत्रणेत जोडतात, तसं केल्याशिवाय कुठलाही दर काढा, वरचा आकडाच कच्चा असणार.

जखमींचं तर विचारूच नका. जगाचा अंदाजच मुळी वर्षाला २ ते ५ कोटी असा दिला जातो. केवढी ही फट! माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो आणि तो या फटीत कुठेतरी.

सरळरेषा
मला अनवाणी यांचं अर्धंच पटतं. अंदाज म्हणजे मॉडेल. ज्या देशांत मृत्यूनोंदणी चांगली आहे तिथे संघटना तीच घेते, बाकीच्यांसाठी उत्पन्न, वाहनं, कायदे, आरोग्यसेवा वगैरे घालून गणित करते. मग त्या देशाने पाच वर्षं हेल्मेटसाठी जीव तोडून काम केलं तरी मॉडेलमध्ये ते उमटेलच असं नाही, आणि मंत्री सहज म्हणू शकतो की हा आकडा आमचा नाहीच. पोलिसांचा आकडा अपुरा असला तरी तो त्यांच्या सहीचा आहे, त्याला धरून जाब विचारता येतो. देशांची आपसात तुलना सोडा, एकाच देशाची १० वर्षांची रेघ बघा. २०१० ते २०२१ मध्ये नॉर्वे, डेन्मार्क, जपान, लिथुआनिया धरून १० देशांनी मृत्यू निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी केले, तर जगाचा आकडा साडेबारा लाखांवरून ११.९ लाखांवर म्हणजे जेमतेम ५ टक्के उतरला. यातून शिकायला पुष्कळ आहे.

अनवाणी
@सरळरेषा, पण मोजण्याची पद्धत मध्येच बदलली की रेघ तुटते ना. नोंदणी सुधारली की मृत्यू वाढल्यासारखे दिसतात, म्हणजे नीट मोजणाऱ्याचीच बदनामी. स्वीडनने २०१० पासून रस्त्यावरच्या आत्महत्या अपघाती मृत्यूंतून वेगळ्या काढल्या, तिथेही रेघ खाली आली आणि ती सगळी काही रस्ते सुधारल्यामुळे आली नाही.

गिअरबदल
पादचाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे पण त्यावर उपाय आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटन घरोघरी प्रवासाचं सर्वेक्षण करतात, लोक किती चालले, किती सायकल चालवली ते लिहून घेतात, त्यावरून चालण्याचेही किलोमीटर निघतात. आणि हे माप सोडून चालणार नाही, कारण माणसं घाबरून चालायचीच बंद झाली, मुलांना शाळेत गाडीने सोडायला लागली, तर लाखामागे पादचारी मृत्यू कमी होतील आणि तुम्ही म्हणाल रस्ता सुरक्षित झाला!

अनवाणी
हे मान्यच आहे, घाबरून घरात बसलेली माणसं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. पण ९२ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि तिथल्या कित्येक ठिकाणी गाड्यांचे किलोमीटरसुद्धा कुणी मोजत नाही, पायी चाललेले कुठून आणणार? पैसा तुटपुंजा असेल तर तो आधी पोलीस आणि हॉस्पिटलच्या नोंदी जोडायला लावा, प्रवासाचं सर्वेक्षण नंतर.

नोंदवही
याला माझा पाठिंबा. फक्त जोडताना नाव आणि तारखेवर विसंबू नका, बेशुद्ध माणूस पहिले दोन दिवस ‘अनोळखी’ म्हणूनच नोंदलेला असतो आणि नेमका तोच दोन्ही याद्यांमधून सुटतो.