कोल्हापूरजवळ असा राजवाडा आहे का जिथं घराणं अजून राहतं? वडिलांना घेऊन यायचंय

नाशिकची_वृषाली
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईबाबांना घेऊन कोल्हापूरला येतोय, चार दिवस हातात आहेत. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा हे ठरलेलंच आहे. पण बाबा चित्रकलेचे शिक्षक होते, वय ७२, आणि त्यांना जुन्या वास्तूंचं भारी वेड. ते म्हणतात किल्ले खूप झाले, आता असा वाडा बघायचाय की जिथं त्याच घराण्यातली माणसं अजून राहतात, संध्याकाळी देवघरात दिवा लागतो असं घर. न्यू पॅलेस आत जाऊन बघण्यासारखा आहे का बाहेरून फोटो काढून पुढं जावं? आणि शहरापासून लांब, गावाकडं असं काही आहे का? बाबांचा गुडघा दुखतो, फार जिने जमत नाहीत.

शाहूपुरीकर
ताई बाहेरून फोटो काढून पुढं जाऊ नका एवढीच विनंती. बाबांना जे बघायचंय तेच आहे हे. खाली म्युझियम आणि वरच्या मजल्यावर छत्रपती घराणं राहतं, आजपण. त्यामुळं जिन्याचा प्रश्नच नाही, सगळं बघायचं ते तळमजल्यावरच आहे.

मेजर चार्ल्स मँटनं हा बांधायला घेतला १८७७ ला, पूर्ण झाला १८८४ ला. आता सगळीकडनं वस्ती झालीय पण बांधला तेव्हा हा गावाबाहेरच होता, त्याआधी घराण्याचं राहणं भवानी मंडपाकडच्या जुन्या राजवाड्यात. मँटनंच बडोद्याचा लक्ष्मी विलास पण काढला होता, पण दोन्ही वाडे पुरे व्हायच्या आधी १८८१ मध्ये तो गेला. बाबांना सांगा की मधल्या अष्टकोनी मनोऱ्याकडं आणि खालच्या कमानींकडं नीट बघा, एकाच भिंतीवर जैन देवळातली, राजस्थानातली आणि आपल्या इकडच्या वाड्याची घडण शेजारी शेजारी दिसते. आणि दगड काळा. सकाळचं तिरकं ऊन पडलं की त्यातलं कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी बाराला सगळं सपाट वाटतं, म्हणून उघडल्या उघडल्या जावा.

आत दरबार हॉल हाच जीव आहे. दोन मजले उंच, खिडक्यांना रंगीत काचा आणि त्यात शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. ऊन आत आलं की काचेतला लाल-निळा रंग फरशीवर उतरतो. मी लहान असताना आजोबा मला त्या रंगात उभं करायचे, पांढऱ्या शर्टावर निळा ठिपका पडायचा, ते अजून डोळ्यासमोर आहे. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळं बाबांना वही-पेन्सिल घेऊन बाहेर बागेत बसवा, तिथनं स्केच करायला मस्त जागा आहे.

कळंब्याचा_सागर
वरच्याशी सहमत, पण एक सांगतो, शिकारीच्या खोल्यांत पेंढा भरलेले वाघ, अस्वलं, रानगवे लई आहेत. माझी पोरगी सहा वर्षांची, वाघाच्या समोर आली आणि रडायलाच लागली, म्हणाली ह्यांना कुणी मारलं. मलापण मग तिथं थांबवेना. बघायचं असेल तर मनाची तयारी करून जावा.

शाहूपुरीकर
सागरभाऊ पोरीचं चुकलं नाही काही. पण मला वाटतं त्या खोल्या टाळू नयेत. चित्त्यांची गोष्ट तिथंच कळते. कोल्हापुरात चित्ते पाळायचे, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. चित्त्याच्या डोळ्यावर टोपी घालून गाडीतनं माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपी काढायची आणि सोडायचं. देशातले संपत आले तेव्हा संस्थानांनी आफ्रिकेतनं चित्ते आणले. आता भारतात रानचित्ता उरला नव्हता म्हणून २०२२ मध्ये पुन्हा आफ्रिकेतनंच आणावे लागले ना कुनोला. हे सगळं पोरांना तिथं उभं राहून सांगता येतं, पुस्तकात वाचून तेवढं पोचत नाही.

बावड्याची_लेक
न्यू पॅलेस झाला की तसंच पुढं कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेस बघा. हा आता घराण्याकडं नाही, सरकारी स्मारक आहे, पण इथंच २६ जून १८७४ ला राजर्षी शाहू महाराज जन्मले. कागलच्या घाटगे घराण्यातले, तेव्हा नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला दत्तक घेतलं आणि शाहू नाव ठेवलं. आता गंमत बघा, न्यू पॅलेस पुरा झाला तोपण १८८४. नऊ वर्षांचं पोरगं, आणि एवढं मोठं नवंकोरं घर. त्याच पोरानं पुढं २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मला दोन्ही वास्तू एकाच दिवशी बघायला आवडतात ते यासाठीच, एका घरात जन्म आणि दुसऱ्या घरात राजेपण, मधे रिक्षानं थोडंच अंतर.

घाट_उतरून
वृषालीताई, गावाकडचं विचारलंत म्हणून, चौथा दिवस सावंतवाडीला द्या. कोल्हापूर-निपाणी-आजरा-आंबोली करत तीन-साडेतीन तासांत उतरता. मोती तलावाच्या काठी भोसल्यांचा राजवाडा, जांभा दगडाचा, तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला. घराणं तिथंच राहतं.

पण तुमच्या बाबांसाठी खरी गोष्ट दरबार हॉलमध्ये आहे. तिथं कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दशावताराचा डाव असेल तर १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून पत्ता करायचे, मग खडूचा हात, मग रंग, मग लाखेचा लेप. ही कला मरायला टेकली होती, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी वाड्यातच काम सुरू करून ती धरून ठेवली. मी गेलो तेव्हा एक काकू मत्स्यावताराचे खवले काढत होत्या. चार-पाच केसांचा ब्रश, एकेक खवला वेगळा, आणि मी शेजारी पाच मिनिटं उभा होतो तरी मान वर केली नाही. नंतर स्वतःहून पत्ता माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या कडेला धरा, मधे बोट लावू नका.

नाशिकची_वृषाली
वाचून दाखवलं बाबांना. गंजिफा म्हटल्यावर उठून कपाटातनं त्यांची जुनी वही काढली, त्यात त्यांनी कॉलेजात असताना छापील चित्रावरनं उतरवलेला एक कूर्मावतार निघाला! खरा पत्ता आयुष्यात बघितला नाही म्हणाले. सावंतवाडी नक्की झालं. त्या काकूंना ती वही दाखवली तर चालेल का, की कामात व्यत्यय होईल?

घाट_उतरून
दाखवा की, नक्की दाखवा. फक्त त्यांचा ब्रश खाली ठेवेपर्यंत थांबा. आणि वेळा आणि सुट्टीचा वार दोन्ही ठिकाणचे आधी फोन करून विचारून घ्या, राहतं घर आहे, कधी घरचं कार्य असतं.

बावड्याची_लेक
आंबोलीत डिसेंबरला सकाळी धुकं दाट असतं, नऊच्या आधी घाट उतरू नका. बाबांना स्वेटर घ्या. आणि त्या कूर्माचा फोटो इथं टाका ना.