मदत हवी आहे: बाळंतपणानंतर लघवी गळते, केगल करून त्रास वाढला. ठाणे-नवी मुंबईत पेल्विक फिजिओथेरपी कुठे?

खाडीपलीकडे

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ३१, राहायला ऐरोली, ऑफिस ठाण्यात. पहिलं बाळंतपण, नॉर्मल, टाके पडले होते. बाळ साडेसात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. खोकला, शिंक आली किंवा बाळाला उचललं की लघवीचे थेंब जातात. तीन महिन्यांपासून व्हिडिओ बघून रोज २०० केगल (लघवी-शौचाच्या जागेचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम) करते आहे. गळणं थांबलं नाहीच, आता लघवीची घाईही होते, दिवसातून १२-१३ वेळा जावं लागतं आणि संबंधांच्या वेळी टाक्यांच्या जागी दुखतं. युरीन रुटीन आणि कल्चर दोन्ही नॉर्मल. टाके नीट भरलेत असं दीड महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं.

व्यायाम चुकतोय की कमी पडतोय? फिजिओथेरपिस्टकडे गेलं तर नक्की काय करतात?

निर्गुडी

ताई, आज रात्रीपासून तिचे केगल बंद करा. कायमचे नाही, तपासणी होईपर्यंत.

माकडहाडापासून पुढच्या जघनाच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. ती सैल पडली तर लघवी गळते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती सतत आवळलेली राहिली तरीही गळते. मूठ आधीच घट्ट मिटलेली असेल तर ऐन वेळी आणखी मिटायला जागाच उरत नाही, तसंच हे. म्हणून खोकल्याबरोबर थेंब जातात. घाई, वारंवार जाणं, संबंधांच्या वेळी दुखणं ही लक्षणं एकत्र असतील तर आधी आवळलेल्या स्नायूंचा संशय घ्यायचा. अशा वेळी २०० केगल म्हणजे दमलेल्या स्नायूला विश्रांती न देता राबवणं.

दुसरी शक्यता अशी की ती आवळण्याऐवजी खाली जोर देते आहे. हे खूप बायकांचं होतं आणि व्हिडिओवरून कळत नाही. घरी बघायचा उपाय: उताणं झोपून गुडघे दुमडायचे, हातात आरसा धरायचा. वायू अडवल्यासारखं मागून सुरू करून पुढे लघवीच्या जागेपर्यंत आवळत आणायचं. योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत आणि वर सरकला तर बरोबर, बाहेर फुगला तर तो जोर आहे. श्वास कोंडला, कुल्हे दाबले गेले किंवा मांड्या जवळ आल्या तरी चूक. एक-दोनदाच बघायचं, त्याचा व्यायाम करायचा नाही.

लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करायला सांगतात, तेही नको. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि सवय बिघडते.

सध्या करण्यासारखं एवढंच: उताणं, गुडघ्यांखाली उशी, एक हात पोटावर. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पोट वर येऊ द्यायचं आणि त्याच वेळी खालचा भाग सैल सोडायचा, वायू सहज सुटावा इतका. ६ मोजत श्वास सोडायचा, सोडताना काही आवळायचं नाही. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. झोपायच्या आधी बालासनात २ मिनिटं, गुडघे लांब ठेवून.

सोनटक्का

निर्गुडीताईंशी सहमत. १२-१३ वेळा जाण्याबद्दल वेगळं लिहिते, कारण त्यात स्नायूंइतकाच सवयीचा हात असू शकतो.

आपल्याकडे लोकल पकडायच्या आधी 'लागली नाही तरी जाऊन येऊ' ही सवय फार. घरून निघताना, ऑफिसात पोचल्यावर, निघताना पुन्हा. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ३०० ते ५०० मिली सहज धरतं, पण १००-१५० मिलीलाच रिकामं करत राहिलं तर तेवढ्यालाच घाई वाटू लागते.

पहिल्या भेटीआधी ३ दिवसांची नोंद करायला सांगा, त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. प्लास्टिकचा ५०० मिलीचा मापाचा मग बाथरूममध्ये ठेवायचा. वेळ, किती मिली, गळली का, तेव्हा काय करत होती, काय प्यायली, इतकंच लिहायचं. मिली लिहिल्याशिवाय नोंदीचा उपयोग नाही, नुसत्या वेळा लिहून आणल्या की पहिली भेट वाया जाते. २४ तासांची एकूण लघवी २.८ लिटरच्या वर गेली तर पाणी जास्त पिते का ते बघायचं किंवा रक्तातली साखर तपासायची. दर वेळी थोडीच होत असेल तर सवय.

सवय मोडायला दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवायचं. किमान ६ आठवडे लागतात. घाई आली की धावायचं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून टाचा वर-खाली करायच्या, लांब श्वास, लाट ओसरली की चालत जायचं. अशा वेळी ५-६ झटपट आकुंचनं करायला एरवी शिकवतात, तिला सध्या ती नकोत.

स्टेशनवरच्या कमोडवर न टेकता अधांतरी बसून लघवी करणं टाळायला सांगा. मांड्या ताणलेल्या असताना तळाचे स्नायू सुटत नाहीत, लघवी मागे राहते. भारतीय पद्धतीचं असेल तर पूर्ण उकिडवं बसावं, ते उत्तम.

शौचाला कुंथावं लागतं का? बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायची घरोघरची पद्धत. कुंथणं चालू राहिलं तर कोणताही व्यायाम टिकत नाही. घरी कमोड असेल तर पायाखाली ८-९ इंचांचा पाट.

पारिजात_घणसोली

केगलऐवजी मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा चालेल का? आणि पोटपट्टा घट्ट बांधला तर आधार मिळेल ना?

निर्गुडी

आकुंचन साधारण तेच, म्हणून आवळलेल्या स्नायूंना तेही सध्या नको. शिवाय मूलबंध बऱ्याचदा कुंभकासह शिकवतात, श्वास कोंडला की पोटातला दाब खाली येतो.

पट्ट्याचंही तसंच. कंबरेत घट्ट आवळलेला पट्टा दाब खालीच ढकलतो. बांधायचाच तर कुल्ह्यांच्या हाडांच्या पातळीवर, दोन बोटं सहज जातील इतका, आणि झोपताना काढून.

खाडीपलीकडे

खूप आभार, हे तिला वाचून दाखवलं. फिजिओथेरपिस्ट योनीत बोट घालून तपासतात असं कुठेतरी ऐकून ती घाबरली आहे. ते टाळता येतं का? आणि टाक्यांच्या दुखण्याचं काय?

निर्गुडी

टाळता येतं. तपासणी संमतीशिवाय होत नाही, मध्येच 'थांबा' म्हटलं की थांबवायची. अविवाहित मुलींचं बहुतेक काम बाहेरून बघून किंवा पोटावरून सोनोग्राफी करून होतं. पण तिच्या बाबतीत आतली तपासणी झाली तर उत्तर लवकर मिळेल. हातमोजा, जेल, एक बोट. स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं उपकरण) लागत नाही. आधी दोन्ही बाजूंना हलकं दाबून कुठे दुखतं ते बघतात, मग आवळायला आणि, महत्त्वाचं म्हणजे, सोडायला सांगतात. ताकद ० ते ५ अशी मोजतात, किती सेकंद धरता येतं आणि किती वेळा तेही. पुढचा व्यायाम त्या आकड्यांवरच ठरतो. ३ सेकंद, ४ वेळा जमत असेल तर घरी ३ सेकंद, ४ वेळाच, आणि मध्ये दुप्पट वेळ ढील. हळूहळू १० सेकंद, १० वेळा. एका वेळी किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, ३ महिने देखरेखीखाली, हे प्रमाण जगभर वापरतात. दोनशेची गरज कुणालाच नसते. ढील जमल्यावर खोकला येण्याच्या क्षणभर आधी आवळायला शिकवतील, थेंब थांबायला त्याचीच जास्त मदत होते. बाळ उचलताना श्वास सोडत उचलायचं, हे मात्र आजपासून.

टाक्यांच्या जागी खोबरेल लावून अंगठ्याने दुखऱ्या बिंदूवर ३० सेकंद स्थिर दाब, जळजळ कमी झाली की पुढचा बिंदू. एकूण ५ मिनिटं, एक दिवसाआड. जखम, स्राव किंवा लाली असेल तर नाही. तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो, त्यामुळे संबंधांच्या वेळी पाण्याचं जेल वापरा. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असल्याने कोरडेपणाही येतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना हे जरूर सांगा.

रबाळे_नाका

जागांबद्दल. फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडी खाजगी क्लिनिकपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम. ऐरोलीहून पनवेल गाडी धरली तर नेरूळ आणि मानसरोवर (कामोठ्यासाठी इथे उतरायचं) दोन्ही त्याच मार्गावर. ठाण्याच्या बाजूने कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तिथे आधी स्त्रीरोग ओपीडीत केसपेपर काढून फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा.

जाण्याआधी फोन करून 'फिजिओथेरपी आहे का' असं विचारू नका, उत्तर नेहमी 'हो' येतं आणि मग गुडघेदुखीच्या रांगेत बसवतात. विचारायचं असं: बाळंतपणानंतरच्या लघवीच्या त्रासासाठी स्त्रियांची पेल्विक फ्लोअर तपासणी करणाऱ्या मॅडम कोणत्या दिवशी असतात? खाजगीत गेलात तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. न तपासता पहिल्याच दिवशी विजेच्या मशीनची दहा सेशनं सांगितली तर दुसरीकडे जा.

सोनटक्का

एक राहिलं. लघवीत रक्त, लघवी अजिबात न होणं, ताप, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, यातलं काही झालं तर फिजिओची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. योनीतून गोळा खाली आल्यासारखं वाटत असेल, म्हणजे अंग बाहेर येत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

खाडीपलीकडे

गोळा वगैरे नाही, बधिरपणाही नाही. आरशात बघितलं तर बाहेर फुगतं आहे, म्हणजे ती जोरच देत होती. मापाचा मग आणलाय, उद्यापासून नोंद सुरू. सोमवारी नेरूळला फोन करते.