एन-३ : वाचलं की कळतं, ऐकलं की निसटतं. कान कसा तयार करू?

इंद्रायणीकाठ (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार. मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. आमचं मुख्यालय जपानमध्ये आहे. तीन वर्षं शनिवार-रविवार पुण्याला जपानीच्या क्लासला जातोय. जुलैमध्ये जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन-३ पातळी दिली. शब्द-व्याकरण ४५, वाचन ३९, ऐकणं १७. बेरीज १०१. पास व्हायला १८० पैकी ९५ लागतात, ते झाले. पण प्रत्येक विभागात किमान १९ हवेत, त्यामुळे नापास. दोन गुणांनी गेलं.

सगळ्यात जास्त हे लागलं की घरी येऊन ऐकण्याच्या सराव परीक्षेची छापील संहिता वाचली तर त्यात मला न येणारा शब्द जवळजवळ एकही नव्हता. वाचताना सगळं कळतं. तेच कानावर आलं की पहिले चार शब्द पकडेपर्यंत पुढचं वाक्य संपलेलं असतं.

कंपनीच्या बसमध्ये जाता-येता पन्नास-पन्नास मिनिटं मिळतात. तीन महिने त्या वेळात इअरफोन लावून जपानी बातम्या ऐकतोय. फरक शून्य. दर बुधवारी मुख्यालयाबरोबर व्हिडिओ कॉल असतो. मागच्या महिन्यात तिकडचे साहेब ‘कोतेइ’ बघा म्हणाले. मी पोरांना फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) पुन्हा घट्ट बसवायला लावलं, अर्धी पाळी त्यात गेली. ते प्रोसेसच्या टप्प्याबद्दल बोलत होते. वहीत बघितलं तर दोन्ही शब्द मी ‘कोतेइ’ असेच लिहून ठेवलेत, दोन वेगळ्या पानांवर.

डिसेंबरला पुन्हा बसतोय. रोज किती तास ऐकू? कोणी या खड्ड्यातून वर आलं असेल तर नक्की काय केलं ते सांगा.

शिरवळ (रविवार, रात्री ११:१५)

मी ॲनिमे आणि मालिका बघून एन-३ काढली. आधी इंग्रजी सबटायटल लावून, मग जपानी, मग बंद करून. कंटाळा येत नाही हा मोठा फायदा. दिवसाला दोन तास तरी कानावर पडू द्या.

बकुळ (सोमवार, सकाळी ६:२०)

इंद्रायणीकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. तुमची वही देवनागरीत आहे.

मी बावीस वर्षं पुण्यात जपानी शिकवते, मधली काही वर्षं कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणून काम केलं. मराठी मुलांचा कान नेमका कुठे अडतो हे एव्हाना मला पाठ झालंय. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळं लिहितो, पण बोलताना इ-उ ची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून क्वचितच. म्हणून तर शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे गुण जातात, कारण कानाला तो फरक ऐकूच येत नसतो. आणि ए, ओ यांना तर आपल्या लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन चिन्हंच नाहीत. जपानीत मात्र सगळा अर्थ त्यावर उभा असतो. आत ‘ओ’ आखूड असेल तर ‘कोतेइ’ म्हणजे पक्कं बसवणं, तोच लांब असेल तर कामाचा टप्पा. ‘कोशोओ’ म्हणजे मशीन बिघडणं, ‘कोओशोओ’ म्हणजे वाटाघाटी. ‘बिरु’ इमारत, ‘बीरु’ बिअर. देवनागरीत लिहिताना तुम्ही दर वेळी हा फरक पुसून टाकलात आणि तीन वर्षं पुसलेलाच शब्द पाठ केलात. तुमच्या डोक्यातला शब्द आणि त्या साहेबांच्या तोंडातला शब्द एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ओळख पटत नाही. शब्द येत असूनही ऐकू न येण्याचं हे मोठं कारण आहे.

मलाही याची किंमत मोजावी लागली आहे. २००६ मध्ये एका कारखान्यात दुभाषी असताना माल पाठवायची तारीख ‘योक्का’ सांगितली होती, चार तारीख. मी ऐकलं ‘योओका’, आठ तारीख. तिथल्या सगळ्यांनी माझ्या शब्दावर नियोजन केलं. चार दिवस उशीर झाला आणि त्या सुपरवायझरनी माझ्यासमोर फोनवर ज्या माफ्या मागितल्या, त्या मी विसरलेले नाही. त्यानंतर मी स्वतःचा कान पहिल्यापासून बांधायला घेतला.

मला मदत झाली ती आपल्या मात्रांची. मराठीत वृत्त शिकताना लघूची एक, गुरूची दोन अशा मात्रा मोजायचो ना, तसं जपानी शब्द मात्रांनी मोजा. त्यांच्याकडे याला ‘हाकु’ म्हणतात. ‘किते’ दोन मात्रा, ‘कित्ते’ तीन. ‘शिंबुन’ चार, कारण तिथे पुढे स्वर नसलेल्या प्रत्येक ‘न’ची स्वतःची मात्रा असते. ‘कोन्निचिवा’ पाच. फक्त एक लक्षात ठेवा : आपल्याकडे ए-ओ कायम गुरू, तिथे ते लघुही असतात. बोटांनी टेबलावर ठोका द्या. जिथे तुमचं बोट आणि आवाज एकत्र पडत नाहीत, तिथे तुम्ही शब्द चुकीचा ऐकताय.

आता रोजचं काम. तास मोजू नका, पंचवीस मिनिटं पुरे. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१२ आणि २०१८ चे सरावसंच ध्वनी आणि संहितेसकट फुकट आहेत. त्यातला एकच संवाद घ्या. आधी पेन बाजूला ठेवून पूर्ण ऐका. मग एकेक वाक्य, जास्तीत जास्त तीनदा, आणि ऐकलं तसं हिरागानात, म्हणजे जपानी अक्षरांत, उतरवा. शाळेतलं श्रुतलेखन, अगदी तेच. कळलं नाही तिथे मोकळी जागा सोडा, पण किती मात्रा ऐकू आल्या तेवढे ठिपके द्या. हे ठिपके फार महत्त्वाचे आहेत. मग संहिता उघडून लाल पेनानं तपासा आणि प्रत्येक चुकीसमोर कारण लिहा. लांबी चुकली, की स्वर गिळला गेला, की जोडून बोलले, की शब्दच माहीत नव्हता? दोन आठवड्यांत तुमचा कान कुठे गळतोय ते तुम्हालाच दिसेल.

स्वर गिळण्याबद्दल : ‘सुकि देसु’ लिहिलेलं असतं, ऐकू येतं ‘स्कि देस्’. ‘गाकुसेइ’चं ‘गाक्सेए’ होतं. यानं घाबरू नका, आपणही ‘पुणेकर’ लिहितो आणि ‘पुणेकर्’ म्हणतो. जोडून बोलणं जास्त त्रास देतं. पुस्तकातलं ‘ताबेते शिमात्ता’ तोंडात ‘ताबेचात्ता’ होतं, ‘यात्ते ओकु’चं ‘यात्तोकु’, ‘यारानाकेरेबा’चं ‘यारानाक्या’. ही रूपं वेगळी पाठच करायला हवीत, कारण एन-३ च्या संवादांत मित्र, सहकारी, घरातली माणसं अशीच बोलतात.

तपासून झालं की त्याच संवादाच्या मागोमाग म्हणायचं, अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं. आजी रामरक्षा म्हणायची आणि आपण तिच्या मागून म्हणायचो, तसं. तेव्हा अर्थ कुठे कळत होता, पण कुठे थांबायचं, कुठे ओढायचं हे अजून चुकत नाही. तोंडातून नीट निघालेला शब्द कान पटकन ओळखतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आणि बसमध्ये नवीन काही लावू नका. आदल्या रात्री लाल पेन फिरवलेला संवादच बसमध्ये ऐका, पाच-सहा वेळा. न कळणाऱ्या बातम्या तुम्ही तीन महिने ऐकल्यात, त्यातून कान फक्त दुर्लक्ष करायला शिकला.

शिरवळ, तुम्हाला मालिकांनी मदत केली याचा आनंद आहे. पण इंग्रजी सबटायटल लावली की डोळे काम करतात आणि कान सुट्टीवर जातात. लावायचीच तर जपानी लावा. आणि इंग्रजीतून अर्थ काढायची सवय मराठी माणसानं तर मुळीच लावून घेऊ नये. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, ही मांडणी आपलीच आहे. ‘इकु त्सुमोरि दात्ता केदो…’ म्हणून समोरचा थांबला तर इंग्रजीत वाक्य अपुरं राहतं. मराठीत ‘जाणार होतो, पण…’ एवढ्यावर आपल्याला कळतं की गेला नाही. ‘आशिता वा चोत्तो…’ म्हणजे ‘उद्या जरा…’, नकार आला. ऐकण्याच्या विभागात झटपट उत्तराचे जे साधारण ९ प्रश्न असतात, त्यांत काहीही छापलेलं नसतं आणि असली अर्धी वाक्यं पुष्कळ असतात. मराठीतून ऐका, गुण तिथे वाढतील.

नागोयाकर (सोमवार, दुपारी ३:०५)

बकुळताईंनी मुळावर बोट ठेवलं. माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा. मी एन-२ (एन-३ च्या वरची पातळी) घेऊन जपानच्या आइची प्रांतात आलो आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात बाईंनी मला काहीतरी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणालो. घरी आलो तर हातात एका पाण्याच्या बाटलीसाठी विकतची पिशवी होती.

जुलै २०२० पासून इथे प्लास्टिक पिशवीचे पैसे घेतात, म्हणून प्रत्येक दुकानात ‘रेजिबुकुरो’ हवी का विचारतात. मग पॉइंट कार्ड आहे का. डबा घेतला असेल तर ‘आतातामेमास का’ म्हणजे गरम करू का. क्रम जवळजवळ ठरलेला. दुसऱ्या दिवशीपासून मी दुकानात शिरायच्या आधी मनात म्हणायचो : पिशवी, कार्ड, गरम. आठवड्याभरात सगळं ऐकू यायला लागलं. ती बाई काही हळू बोलायला लागली नव्हती.

परीक्षेतही हेच करा. ऐकण्याच्या पहिल्या दोन प्रकारांत प्रश्न संवादाच्या आधीच सांगतात आणि पर्याय छापलेले असतात. पर्याय वाचून काय बोलणं होऊ शकेल याचा अंदाज बांधून ठेवा. तिसऱ्या प्रकारात प्रश्न शेवटी येतो, तिथे शब्द धरू नका, बोलणारा खूश आहे की तक्रार करतोय एवढं धरा.

आकड्यांचा वेगळा सराव करा. आपण लाख-कोटीत विचार करतो, ते ‘मान’ म्हणजे दहा हजारात. एक लाख म्हणजे ‘ज्यूमान’, दहा लाख ‘ह्याकुमान’, एक कोटी ‘इस्सेन्मान’. मी अजूनही पगाराच्या आकड्यांवर एक क्षण थांबतो. आणि ‘इचि’, ‘शिचि’, ‘हाचि’ गोंगाटात सारखे वाटतात. फोनवर ते लोकही सातला ‘नाना’ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

इंद्रायणीकाठ (सतरा दिवसांनी, रात्री ९:५०)

ताई, दादा, मनापासून आभार. लगेच लिहिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं.

पहिल्या दिवशी दहा वाक्यं उतरवली, ३१ चुका. त्यातल्या १४ लांबीच्या आणि ९ जोडून बोलण्याच्या. न येणारे शब्द फक्त दोन. तो आकडा बघून मी बराच वेळ वही उघडी ठेवून बसलो होतो. तीन वर्षं मी शब्दच वाढवत होतो.

काल तेवढ्याच लांबीच्या नव्या संवादात १३ चुका. लांबीच्या चार. जेवताना बोट ताटाच्या कडेवर ठोकतो म्हणून आई ओरडते.

जुन्या चार वह्या कपाटात टाकल्या. नवी वही हिरागानात, प्रत्येक शब्दापुढे मात्रांचा आकडा. कामाचे शब्द आधी घेतले : कोओतेइ ४, कोतेइ ३, कोशोओ ३, कोओशोओ ४.

या बुधवारी कॉलवर साहेबांनी पुन्हा तो शब्द वापरला. मी पहिल्यांदाच मध्ये थांबवून विचारलं, टप्प्याबद्दल म्हणताय का. ‘सोओ, सोओ’ (हो, तेच) म्हणाले आणि पुढे थोडं हळू बोलले.

एक अडचण आहे. सलग ऐकताना एक शब्द निसटला की मी त्यातच अडकतो आणि पुढचा पूर्ण प्रश्न जातो. झटपट उत्तरांत असे तीन-तीन जातात.

बकुळ (दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:१०)

३१ वरून १३! सकाळी सकाळी फार बरं वाटलं वाचून.

अडकण्यावर उपाय सोडून देण्याचा सराव हाच. परीक्षेत आवाज एकदाच वाजतो, परत येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, शनिवारी क्लासच्या आधी, पूर्ण संच न थांबवता लावा, ४० मिनिटं. शब्द निसटला की कडेला एक ठिपका द्यायचा आणि पेन लगेच पुढच्या प्रश्नाच्या आकड्यावर ठेवायचं. पेन पुढे गेलं की मनही जातं. त्या दिवशी गुण मोजू नका. ठिपक्यानंतरचा प्रश्न बरोबर आला की चुकला, एवढंच मोजा.

आणि घरात इअरफोनशिवाय ऐका. परीक्षेच्या हॉलमध्ये आवाज स्पीकरवरून येतो, पंखा चालू असतो, कुणीतरी खोकतं. स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना फोन टेबलावर ठेवून एक संवाद उतरवून बघा आणि इथे आकडा लिहा.