नख गेल्याशिवाय धावपटू होत नाही, हे नवख्यांना सांगणं बंद करा

मध्यमगती
काल एक पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं तापलंय. फोटोत दोन्ही अंगठ्यांची नखं काळीठिक्कर, त्यातलं एक मुळाशी उचकटलेलं. खाली लिहिलंय, "नख गेल्याशिवाय कुणी धावपटू होत नाही." त्यावर शाबासक्यांची रांग. त्याच रांगेत नुकतीच धावायला लागलेली एक मुलगी विचारतेय की माझंही नख ठणकतंय, बूट बदलू का? तिला उत्तर मिळालं, "सवय होईल."

सवय कसली होईल? नखाखाली रक्त साकळलंय. बोट दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटतंय म्हणून साकळलंय. चार तासांत मॅरेथॉन संपवणारा माणूस मिनिटाला १७० पावलं टाकत असेल तर ४०,००० च्या वर पावलं होतात. इतक्यांदा एकाच जागी मार बसला तर नख जाणारच, त्यात शौर्य कुठलं? अंगठ्याचं नख पूर्ण नव्याने यायला १२ ते १८ महिने लागतात.

आणि हे बहुतेक वेळा टाळता येतं. बूट उभं राहून बघा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लांब बोट म्हणजे पायाचा अंगठाच असं नाही. कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं आणि नेमकं त्याचंच नख जातं. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, लांब पल्ल्याला आणखी सुजतो. धावायचे मोजे घालूनच माप बघा.

पण नुसता मोठा बूट घेऊन भागत नाही. मागे टाच सुटत असेल तर उतारावर अख्खा पाय पुढे घसरतो. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं, जे बहुतेक जण रिकामं सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात ओवून छोटा फास ठेवायचा, समोरची नाडी त्या फासातून काढायची आणि मग खेचून बांधायची. टाच जागेवर जखडते, बोटं मोकळी राहतात. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे आत खोल कोरू नका, नाहीतर नख मांसात रुतेल. शर्यतीच्या आदल्या रात्री नाही, दोन-तीन दिवस आधी.

भरधाव
ती पोस्ट माझ्या मित्राची आहे. त्याने सहा महिने मेहनत केली आणि तुम्ही त्याच्या नखावर निबंध लिहिलात. नखं जातात, नखं येतात. मीही वर्षानुवर्षं धावतोय, माझी कितीतरी गेली, त्याने माझं काय बिघडलं? हल्ली धावणं म्हणजे अमुक मोजे, तमुक क्रीम आणि नाडी बांधायचे वर्ग असं झालंय. नवख्याला इतकं घाबरवलंत तर तो घरीच बसेल. पायाला व्हॅसलीन चोपडा आणि निघा. आम्हाला कुणी नाडी शिकवली नव्हती.

अनवाणी पावलं
दोघंही मूळ रोगाकडे बघत नाही आहात. रोग बूट हाच आहे. बुटाचा पुढचा भाग निमुळता असतो आणि माणसाची बोटं पुढे पसरट होत जातात. टोकच नसेल तर नख आपटणार कशावर? इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन धावला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत, आणि सुवर्णपदक घेऊन गेला. त्याला कुणी मोज्यांचा सल्ला दिला होता?

मध्यमगती
तोच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. हे वाक्य तुमच्या गटातले लोक नेहमी का गाळतात? निमुळत्या टोकाचं म्हणणं मात्र खरं आहे. पुढे रुंद असलेले बूट मिळतात, ते घ्या एवढंच त्यातून निघतं. अनवाणी व्हा, हे निघत नाही.

अनवाणी पावलं
गाळत नाही. तो बुटांमुळे जिंकला की चार वर्षांच्या तयारीमुळे, हे तुम्ही तरी कसं सांगणार? २०१० मध्ये हार्वर्डचे संशोधक डॅनियल लिबरमन यांचा अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात, बूटवाले टाचेवर, आणि चवड्यावर उतरताना जमिनीचा तो पहिला धक्का खूप कमी होतो. माझी टाचदुखी वर्षभर छळत होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकायची भीती वाटायची. बूट सोडले आणि गेली. हे मी स्वतः भोगलंय.

चवडा
मग माझंही ऐका. असंच वाचून मी जाड तळाचे बूट सोडून पातळ तळव्याच्या बुटांवर गेले. पोटऱ्या दुखल्या, सगळे म्हणाले दुखणारच, शरीर जुळवून घेतंय. मग पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मागे, दुखायला लागलं. बोटाने दाबलं की एकाच बिंदूत कळ यायची, बाकी पाय ठणठणीत. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही, म्हणून मी आणखी धावले. पुढच्या वेळी हाड चिरलेलं दिसलं. सैनिकांना लांबच्या कूचनंतर होतं तेच फ्रॅक्चर. पायात प्लास्टरसारखा आधाराचा मोठा बूट अडकवून आठवडेच्या आठवडे काढले.

चवड्यावर उतरलं की धक्का नाहीसा होत नाही, तो टाचेवरून चवड्याच्या हाडांवर आणि पोटरीवर जातो. २०१३ चा एक अभ्यास आहे. धावणाऱ्यांना दहा आठवड्यांत पातळ तळव्याच्या बुटांवर आणलं, तर १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या १७ पैकी एकाच्याच. "बूट सोडा" हे दोन शब्दांत सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

अनवाणी पावलं
दहा आठवडे ही घाईच आहे. जन्मभर बुटात बांधलेला पाय दहा आठवड्यांत कसा तयार होईल? वर्ष द्यावं लागतं. तुम्ही घाई केलीत, त्याचं खापर अनवाणी धावण्यावर कशाला?

चवडा
घाई? तुमच्याच पहिल्या प्रतिक्रियेत "वर्ष द्या" हे शब्द कुठे आहेत? तिथे बिकिला आहे आणि सुवर्णपदक आहे. नवखा माणूस ते वाचतो, बूट काढतो आणि सुटतो. हाड मोडलं की मग "तुम्ही घाई केलीत". आधी अर्धी गोष्ट सांगायची आणि नंतर दोष ऐकणाऱ्याला, हे मला सहन होत नाही.

संथ वाहते
अनवाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि तळव्यांची संवेदना कमी झालीय. त्यांच्या बुटात बारीक खडा होता. संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं तेव्हा आम्हाला कळलं, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. ती जखम भरायला महिने गेले. अशा माणसाने अनवाणी धावायचं नाही, फोड घरी सुईने फोडायचा नाही, रोज रात्री उजेडात तळवा आणि बोटांच्या फटी बघायच्या. चाळिशी-पन्नाशीनंतर धावायला लागणारे खूप आहेत आणि साखर वाढलीय हे त्यातल्या अनेकांना ठाऊकच नसतं.

अनवाणी पावलं
मधुमेह असलेल्यांनी अनवाणी धावू नये, हे मान्य. ते मी आधीच लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर तेही मान्य. बाकी माझं मत तेच आहे.

भरधाव
चर्चा फोडांवर आलीच आहे तर व्हॅसलीनवर कुणी का बोलत नाही? स्वस्त, सोपं, आणि मला चालतं.

मध्यमगती
छोट्या अंतराला चालतं. सुरुवातीला घर्षण कमी होतं, पण तासाभरानंतर कातडी मऊ पडते आणि मोजा उलट जास्त चिकटतो. लांब पल्ल्याला पुन्हा लावावं लागतं. फोड नुसत्या वरच्या घासण्याने येत नाही. आत हाड पुढेमागे सरकतं, वरची कातडी मोज्याला धरून राहते, आणि मधले थर ताणून फाटतात. ओल असली की हे लवकर होतं, म्हणून सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. एकेका बोटाचे किंवा दुहेरी थराचे मोजे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुरचुरायला लागलं की तिथेच थांबा, मोजा काढा, घडी सरळ करा, टेप लावा. दोन मिनिटं जातात. न थांबणाऱ्याचा आठवडा जातो.

संथ वाहते
घाम थांबवायचा उपायही आजमावून झालाय. १९९८ मध्ये अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेट्सवर अभ्यास झाला. २१ किलोमीटर चालायच्या आधी किमान तीन रात्री पायाला घामरोधक लावणाऱ्यांत २१ टक्क्यांना फोड आले, नुसतं बिनऔषधी द्रावण लावणाऱ्यांत ४८ टक्क्यांना. पण घामरोधक लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची कातडी चुरचुरली. त्यामुळे ज्याच्या त्याच्या कातडीवर आहे.

भरधाव
बघा, म्हणजे खात्रीचं काहीच नाही. दर आठवड्याला दहा टक्केच अंतर वाढवा म्हणतात, तेही असंच.

चवडा
त्यावर तुमचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणते. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये नवख्या धावणाऱ्यांवर तपासलं. दहा टक्क्यांच्या नियमाने हळूहळू वाढवणाऱ्यांत दुखापत २०.८ टक्के, नेहमीच्या कार्यक्रमात २०.३. म्हणून उद्या दुप्पट धावा असं मात्र होत नाही. एका बिंदूत दुखायला लागलं की थांबायचं, मग वेळापत्रक काहीही म्हणो.

संथ वाहते
भरधाव, नखाबद्दल एक गोष्ट राहिली, तीही तुमच्या मित्राला सांगा. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळं झालं होतं, फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलं. १९७७ मध्ये तो त्वचेचा कर्करोग निघाला. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. धावणाऱ्याचं काळं नख बहुतेक वेळा रक्तच असतं आणि तो डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो. तो सरकत नसेल, मार बसल्याचं आठवत नसेल, नखात उभी काळी पट्टी रुंद होत चालली असेल किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर पसरला असेल, तर डॉक्टरला दाखवायचं. "काळं नख म्हणजे धावपटू" म्हणत राहिलो तर हे दाखवायला कोण जाईल?

भरधाव
हे मला माहीत नव्हतं. मित्राला पाठवतो. "सवय होईल" हे उत्तर चुकीचं होतं, तेवढं मानतो. पण नख गेलं म्हणून कुणाला कमी लेखू नका, आणि माझ्या व्हॅसलीनला हात लावू नका.

मध्यमगती
कमी कुणी लेखलं? त्याच्या मेहनतीवर मी एक शब्द लिहिलेला नाही. मित्राला एवढंच सांगा की बुटातला सुटा तळवा बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायचं. बोटं कडेला टेकत असतील किंवा बाहेर येत असतील तर पुढचं नख वाढायच्या आत बूट बदलायचा.