कंबरदुखीला ‘पूर्ण आराम करा’ सांगणं आता बंद व्हायला पाहिजे

वेताळटेकडी:
आईची कंबर गेल्या पावसाळ्यापासून दुखतेय. एका डॉक्टरांनी सांगितलं पूर्ण बेडरेस्ट, उठताना पट्टा, वाकायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही आणि वर ट्रॅक्शन, म्हणजे पलंगाच्या पायथ्याशी वजनं टांगून कमरेला ओढ देतात ते. एमआरआयच्या रिपोर्टात एल 4-एल 5 ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली) लिहिलेलं तिने वाचलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय की वाकलं की मणका सरकणार. आता उठायचं म्हटलं की आधी दोन्ही हात मांड्यांवर दाबते, श्वास धरून ठेवते, मग भिंत शोधते. माझं ठाम मत आहे की तिला दुखण्यापेक्षा भीतीने जास्त जखडलंय.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा 2015 मध्ये छापून आलाय. त्यात विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांना बल्ज होता, आणि दुखत काहीच नव्हतं! डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टा नको, ट्रॅक्शन नको असं स्पष्ट आहे, भर आहे व्यायामावर आणि पेशंटला दुखणं नीट समजावून सांगण्यावर. मग आपल्याकडे अजून झोपवून का ठेवतात?

बालाघाट:
दादा तुमच्या आईला बरं वाटो, पण हे ‘हालचाल करा’ कुणाला सांगताय ते एकदा बघा. आमच्याकडं बीडला दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात ते थेट उन्हाळ्यात परत. पहाटे अंधारात फड, दिवसभर वाकून तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. माझी मावशी हे करत आली, तिच्या कमरेला हालचाल कमी पडली असं तुम्ही म्हणणार का? तिला आरामच पाहिजे होता आणि तोच मिळाला नाही. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅकची पट्टी देतो, दुखलं की गोळी, गोळी खाऊन परत फडात, त्या गोळ्यांनी पोटाला अल्सर होतो, किडनीवर येतं, हे तिला कुणी सांगायचं?

सावंतवाडीची_लेक:
मला दोघांचंही पटतंय थोडं थोडं, पण मूळ पोस्टमध्ये आयुर्वेदाचं नावच नाही याचं वाईट वाटलं. मी कटिबस्ती घेतलीय. उडदाच्या पिठाचं कडं कमरेवर बसवतात, त्यात कोमट तेल ओततात, गार झालं की काढून परत कोमट घालतात. त्या काळात मला रात्री कूस बदलता यायला लागली, हा माझा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. प्रत्येक गोष्टीला परदेशातला अभ्यासच लागतो का?

वेताळटेकडी:
@सावंतवाडीची_लेक ताई, आराम पडला हे मी नाकारतच नाही. त्याच सूचनांमध्ये मसाजलाही जागा आहे. माझं म्हणणं एवढंच की तेलाने स्नायू सैल झाले की त्या सवडीत चालायला लागावं, तेल संपलं की परत आडवं नाही व्हायचं. आणि ‘हमखास गुण’ म्हणून ज्या बिननावाच्या पुड्या विकतात त्यांच्यापासून लांब राहा, तसल्या पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत.

@बालाघाट तुमचा मुद्दा जड आहे. पण आराम नको हे मी हवेतून बोलत नाहीये, 1995 मध्ये हेलसिंकीत 186 कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला, काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, काहींना झेपेल तसं रोजचं काम करा म्हणाले, आणि हे तिसरे सगळ्यात लवकर बरे झाले.

शिरवळ_ब्रिज:
तो अभ्यास नुकत्याच धरलेल्या कमरेचा होता साहेब, जुन्या दुखण्याचा नाही, आणि व्यायामवालेसुद्धा त्या तिसऱ्या गटाच्या मागेच राहिले, तेही सांगा की. दुसरं म्हणजे असं सरसकट ‘घाबरू नका, चाला’ सांगणं आपल्या देशात धोक्याचं आहे. माझ्या चुलतभावाची कंबरदुखी म्हणून सगळे शेक देत राहिले, संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत होतं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं होतं. निघाला मणक्याचा टीबी. जगातले सगळ्यात जास्त टीबीचे पेशंट भारतात आहेत, हे हेलसिंकीवाल्यांच्या नशिबी नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, पायातली ताकद कमी व्हायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, तिथे तुमचा व्यायाम कामाचा नाही.

वेताळटेकडी:
@शिरवळ_ब्रिज हे शंभर टक्के मान्य, ही लक्षणं सगळ्यांनी लक्षात ठेवावीत. आईचं ते सगळं तपासून झालंय. मी बोलतोय ते तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या दुखण्याबद्दल, जिथे शोधूनही गंभीर काही सापडत नाही पण मज्जासंस्था दुधाने तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकून प्यायला लागते, साध्या वाकण्यालाही ती दुखणं म्हणून कळवते.

सावंतवाडीची_लेक:
म्हणजे शेवटी ‘सगळं मनाचं आहे’ हेच ना? बायकांना हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

मिरजेचा_फिजिओ:
नाही ताई, दुखणं खरंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी 11 मध्ये, जुनाट वेदनेला स्वतःचं वेगळं स्थान दिलंय, इजा दाखवता आली नाही तरी तो आजारच धरतात.

वेताळटेकडी, तुमच्या आईंना एकदम ‘रोज चाला’ म्हणू नका. माझ्याकडे अशा पेशंट आल्या की मी आधी खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करतो, हात न टेकता उठायला लावतो, श्वास धरायचा नाही, उठताना तोंडाने आकडे मोजायचे, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. जमलं की उशी पातळ करायची. चालणं घड्याळावर, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी थांबायचं. बऱ्या दिवशी घर आवरून काढायचं आणि पुढचे दिवस झोपून काढायचे, यात माणूस सगळ्यात जास्त अडकतो. थोडं दुखेल, पण दुखलं म्हणजे आत काही फाटलं असं नाही, हे वाक्य मी रोज बोलतो.

बालाघाट:
सर चांगलं सांगितलंत. पण ‘दुखायच्या आधी थांबा’ हे मावशीनं मुकादमाला कसं सांगायचं? उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, एक दिवस पडून राहिली तर खाडा धरतात आन् वर दंड कापतात. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओ नाही, जिल्ह्याला जायचं तर दिवस मोडतो.

मिरजेचा_फिजिओ:
तिथे माझ्याकडे व्यायामाचं उत्तर नाही. मोळी लहान बांधायची परवानगी, तोडणी आणि वाहणी आलटून पालटून, खाड्याचा दंड बंद, हे कारखान्याने आणि मुकादमाने करायचं काम आहे, आणि ते उपचारातच धरलं पाहिजे असं मी मानतो. मावशी गावी परतल्यावर मिरजेला येता आलं तर आणा, नाही तर व्हिडिओ कॉल करू. सध्या त्या गोळ्या उपाशीपोटी घेत असतील तर ते आधी थांबवा आणि तालुक्याला क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी करून घ्या.

बालाघाट:
आजच फोन लावतो तिला.