मदत हवी आहे: मॉफेट फील्डच्या भूजल अहवालावर हरकती कशा लिहाव्यात?

सनीव्हेलकर:
नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला लागून असलेला मॉफेट फील्ड हा अमेरिकन नेव्हीचा तळ १९८७ पासून सुपरफंड यादीत (सर्वात प्रदूषित जागांच्या सरकारी सफाई यादीत) आहे. १९९४ मध्ये तळ बंद होऊन जागा नासाकडे गेली, पण नेव्हीने केलेल्या प्रदूषणाची सफाई अजून नेव्हीच्याच गळ्यात आहे. पश्चिमेकडच्या टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, धुलाईचं द्रावक) प्लूमच्या, म्हणजे भूजलात पसरलेल्या प्रदूषणाच्या पट्ट्याच्या, अहवालावर रहिवासी म्हणून लेखी हरकती द्यायच्या आहेत. रसायनशास्त्र कळतं, विहिरींचं काम नाही.
टीसीई उतरतंय म्हणजे सफाई होतेय असं धरायचं का? पंपिंगने प्लूम खरंच अडवलाय हे नकाशावरून कसं तपासायचं? आणि हायवे १०१ च्या दक्षिणेच्या जुन्या चिप कारखान्यांचं टीसीई याच पाण्यात मिसळलंय, ते वेगळं कसं ओळखायचं?

भूजलवाला:
नुसत्या टीसीईच्या आलेखावर जाऊ नका. ऑक्सिजन नसलेल्या थरात जिवाणू त्यातला एकेक क्लोरीन काढतात: आधी सिस-डीसीई (डायक्लोरोइथिलीन), मग व्हिनाइल क्लोराइड. हे शेवटचं मूळ टीसीईपेक्षा घातक. कॅलिफोर्नियात पिण्याच्या पाण्यात टीसीईला ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर चालतं, व्हिनाइल क्लोराइडला फक्त ०.५.

म्हणून मायक्रोग्रॅमचे आकडे मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत, बदला. टीसीईला १३१ ने भागा, डीसीईला ९७ ने, व्हिनाइल क्लोराइडला ६२.५ ने. समजा एका विहिरीत आधी टीसीई १३१ होतं. पाच वर्षांनी टीसीई २६, डीसीई ६८, व्हिनाइल क्लोराइड ६. आलेखात टीसीई ८० टक्के घटलेलं दिसेल, पण बेरीज ०.२ + ०.७ + ०.१, म्हणजे होती तिथेच, १ मायक्रोमोल. गेलं काहीच नाही, नाव बदललं. बेरीजही उतरत असेल तर तपासणी पुढे न्या: इथीन (सगळे क्लोरीन निघाल्यावर उरणारा निरुपद्रवी वायू) सापडतंय का, की नुसतं पाणी पातळ झालंय?

नकाशात पहिली गोष्ट शोधायची ती ही, की समपातळी रेषा (सारखी पाणीपातळी जोडणाऱ्या रेषा) काढताना पंप चालू असलेल्या विहिरीतली पातळी वापरली आहे का. विहिरीच्या जाळीतून पाणी आत शिरताना दाब खर्च होतो, त्यामुळे त्या विहिरीतली पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा बरीच खाली असते. तोच आकडा सॉफ्टवेअरला दिला की विहिरीभोवती खोल खड्डा उमटतो आणि पकडक्षेत्र (पंप जिथलं पाणी ओढून घेतो तो भाग) आहे त्यापेक्षा रुंद दिसतं. पंपाशेजारच्या पीझोमीटरच्या (फक्त पातळी मोजायच्या बारीक विहिरीच्या) पातळ्या मागा. प्रत्येक थराचा नकाशाही वेगळा हवा. वरच्या थरात प्लूम अडलाय म्हणून खालच्यातही अडलाय असं होत नाही.

जुना_सॅम्पलर:
उगमाबद्दल. भूजल दक्षिणेकडून उत्तरेला, खाडीकडे जातं, म्हणून कारखान्यांचं टीसीई हायवेखालून तळात येतं. नेव्हीची खूण म्हणजे पीसीई (टेट्राक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगचं द्रावक): इमारत क्रमांक ८८ मध्ये कपड्यांचं ड्रायक्लीनिंग चालायचं. पीसीईचंही पुढे टीसीई होतं, तेव्हा पीसीई दिसलं की वरच्या बेरजेत तेही १६६ ने भागून घ्या. पण पीसीई नाही म्हणून ते टीसीई नेव्हीचं नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

परिशिष्टातले फील्ड फॉर्मही उघडा, तिथे फारसं कोणी फिरकत नाही. पाणी मिनिटाला १०० ते ५०० मिली वेगानेच उपसायला हवं, आणि पीएच, वाहकता, ऑक्सिजन सलग तीन वाचनांत स्थिरावल्यावरच नमुना. ४० मिलीची कुपी काठोकाठ भरून, झाकण लावून उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर टीसीई त्यात उडून जातं. आम्लाने टिकवलेल्या नमुन्याची मुदत १४ दिवस. नमुना घेतल्याची आणि विश्लेषणाची तारीख ताडून पाहा.

सनीव्हेलकर:
तक्त्यात 'यू' लागलेले बरेच आकडे आहेत. ते शून्य धरायचे?

भूजलवाला:
नाही. 'यू' म्हणजे त्या मर्यादेपर्यंत सापडलं नाही. टीसीई जास्त असलं की लॅब नमुना पातळ करते, आणि व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा १० वर जाऊन बसते. लक्ष्य ०.५ असेल तर '१० यू' मधून काहीच कळत नाही. अशा ओळींची यादी करून कमी पातळ केलेलं पुनर्विश्लेषण मागा. 'जे' म्हणजे अंदाजे आकडा, तो वापरता येतो.

नियमावली:
भाषेबद्दल एवढंच. 'आम्हाला काळजी वाटते' असं लिहिलंत की 'नोंद घेतली' असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. तक्ता क्रमांक, विहीर क्रमांक, काय चुकलं, काय बदलून हवं, हे चारही एकेका हरकतीत टाका. प्रत ईपीएच्या (केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या) विभाग ९ ला आणि सॅन फ्रान्सिस्को बे वॉटर बोर्डाला पाठवा. मसुद्यावर नेव्हीला लेखी उत्तर द्यायला लावतात ते हेच.

भूजलातल्या टीसीईची वाफ जमिनीतून वर येऊन इमारतींत शिरते, तो घरातल्या हवेचा मुद्दा स्वतंत्र हरकत म्हणून लिहा. १०१ च्या दोन्ही बाजूंच्या प्लूमसाठी २०१० मध्ये ठरलेली टीसीईची पातळी घरांना १ आणि कचेऱ्यांना ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हवेचे नमुने वायुवीजन बंद ठेवूनही घेतले होते का, तेवढं विचारा.