वजन कमी होणार की नाही हे आधीच कळतं का? (मुलगा, वय १४)

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मुलगा नववीत, उंची १५८ सेमी, वजन ८२ किलो होतं जूनमध्ये. मानेवर काळं पडलेलं ते मी मळ समजून उटणं लावून घासत होते, आता आठवलं की लाज वाटते, डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की हे घासून जाणार नाही, इन्सुलिन नीट काम करत नाही त्याचं लक्षण आहे. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेलं, शुगर काठावर, थायरॉइड नॉर्मल. खरं सांगू, थायरॉइड नॉर्मल आल्याचं मला वाईटच वाटलं, एक गोळी देऊन विषय मिटला असता असं वाटत होतं.

आता मुद्दा असा की माझ्या बहिणीची मुलगी (१६ वर्षांची) आणि हा, दोघं एकाच डाएटिशियनकडे, जवळपास तोच चार्ट. चार महिन्यांत तिचं ७ किलो उतरलं आणि ह्याचं चारशे ग्रॅम. चारशे! तेवढं तर सकाळी आणि रात्री मोजलं तरी पुढेमागे होतं. डॉक्टर म्हणतात कुणाला किती फरक पडेल ते आधी सांगता येत नाही, करून बघू. पण एका लॅबवाल्यांचा फोन आलाय की थुंकीची डीएनए टेस्ट करा, कुठला डाएट लागू पडेल ते सांगतो, साडेआठ हजार. करू का? आधीच कळलं तर पोराला उगाच उपाशी मारायला नको. सासूबाईंचं चालूच आहे, वयात आला की वजन आपोआप उतरेल म्हणून.

कट्टेकरी
मोबाईल काढून घ्या आणि रोज दोन तास मैदानावर पाठवा. आमच्या वेळी कुणी जाडं नव्हतं. साडेआठ हजारात चांगली सायकल येईल.

बाळरोग_नाशिक
मृण्मयीताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे पण मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका. सायकल घ्याच, पण कट्टेकरी, तुमच्या वेळी वर्गात एखादा असायचाच आणि त्याला काय नावं ठेवायचे तेही आठवत असेल.

डीएनए टेस्टवर पैसे घालवू नका. जनुकांची तपासणी आम्हीही सांगतो, पण ती वेगळी आणि मोजक्या मुलांसाठी, म्हणजे पाच वर्षांच्या आतच वजन बेफाम वाढलेलं, भूक अशी की रात्री उठून फ्रिज उघडणार, कुलूप लावायची वेळ येते. एमसीफोरआर नावाच्या जनुकातला किंवा लेप्टिन ह्या भूक आवरणाऱ्या हार्मोनच्या मार्गातला दोष अशा मुलांमध्ये सापडतो आणि त्यातल्या काही दोषांवर वेगळं औषधही आहे. तुमच्याकडे वजन कधीपासून वाढलं ते लिहिलं नाहीत. थुंकी घेऊन ‘तुम्हाला भात चालेल, पोळी नको’ सांगणारे जे आहेत त्यांच्याकडून उपचाराला कोण किती दाद देईल ते कळत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. सुरुवातीच्या रिपोर्टवरून, म्हणजे इन्सुलिन किती, आई-वडिलांचं वजन किती, ह्यावरून एकेका मुलाबद्दल भाकीत करायला गेलं की फसायला होतं. वयाचा फरक मात्र मोठा पडतो. स्वीडनमध्ये २०१२ साली एक अभ्यास छापून आला होता, फक्त आहार-विहार बदलून तीन वर्षं उपचार, तर खूप जास्त लठ्ठ असलेल्या ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५८ टक्क्यांना चांगला फरक पडला आणि तितक्याच लठ्ठ १४ ते १६ वाल्यांपैकी फक्त २ टक्क्यांना. त्यामुळे ‘वयात आला की उतरेल’ ह्याच्या भरवशावर बसू नका, सासूबाईंना माझा नमस्कार सांगून सांगा.

सगळ्यात उपयोगाचा अंदाज पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या कलावरून येतो. वजन कमी करायला लिराग्लुटाइड नावाचं रोजचं इंजेक्शन आहे, त्याच्या अमेरिकन माहितीपत्रकात मुलांसाठी हेच लिहिलंय, पूर्ण डोसवर १२ आठवडे झाले आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १ टक्काही उतरला नाही तर बंद करा. युरोपात तीच अट ४ टक्क्यांची आहे. म्हणजे औषध बनवणाऱ्यांनाही आधी कळत नाही, देऊनच बघावं लागतं.

आणि एक विचारायचं राहिलं, चार महिन्यांत त्याची उंची परत मोजली का?

जर्सीकर_आई
इकडे न्यू जर्सीत माझी लेक १५ वर्षांची, वजनासाठी सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन घेते, सात महिने झाले. मी पण सुरुवातीला हेच विचारलं होतं, हिला लागू पडेल का. डॉक्टरीणबाईंनी २०२२ ची ट्रायल दाखवली, १२ ते १७ वयाची २०१ मुलं, ६८ आठवडे, बीएमआय सरासरी १६ टक्के खाली. मी खूश. मग त्या म्हणाल्या सरासरी बघू नका, ५ टक्के तरी वजन उतरलं अशी मुलं ७३ टक्के, म्हणजे चारातल्या एकाला तेवढंही नाही. आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांतही १८ टक्क्यांचं ५ टक्के उतरलंच की! त्यांनाही आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं म्हणा.

आमचे पहिले पाच आठवडे भयंकर गेले, मळमळ, वरणभाताचा वास नको, शाळेतून दोनदा फोन. डोस हळूहळू वाढवतात त्यामुळे पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून रडू नका, आम्ही रडलो. बंद केलं की वजन बऱ्यापैकी परत येतं हेही आधीच सांगितलंय. इन्शुरन्सवाल्यांशी किती भांडावं लागलं ते विचारूच नका.

पूर्वीचा_गोलू
मी २६ वर्षांचा, ह्याच वयात ८८ किलो होतो. एक सांगू का काकू, राग मानू नका. मावसबहिणीचं सात किलो हे त्याच्यासमोर किती वेळा बोललं गेलंय? आमच्याकडे दर रविवारी आत्या आली की हॉलमध्ये काटा काढायची आणि सगळ्यांसमोर माझं वजन. मी शनिवारी दिवसभर जेवायचो नाही आणि रविवारी रात्री सगळे झोपल्यावर उभ्या उभ्या फरसाणचा डबा संपवायचो. कागदावर मी ‘उपचाराला दाद न देणारा’ होतो. ह्या दोघांत आणखी एक फरक, ती सोळाची मुलगी, तिची उंची बहुतेक वाढून झालीय.

मृण्मयी_ठाणे
गोलू, राग नाही आला, पण दुपारपासून गप्प बसलेय.

डॉक्टर, उंची मोजलीच नव्हती हो. प्रत्येक वेळी फाईलवर जूनचीच १५८ लिहिली जात होती, तिकडेही कुणी मोजली नाही. आत्ता दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर कंपासपेटी ठेवून खूण केली, नवऱ्याने टेपने मोजलं, १६०.५. दोनदा मोजलं. वजन ८१.६.

वजन वाढायला लागलं दुसरीत असताना, त्याआधी नॉर्मल होता, आणि भूक तशी कुलपाची नाही.

बाळरोग_नाशिक
मग हिशोब करा. जूनमध्ये बीएमआय ३२.८, आता ३१.७. जवळजवळ साडेतीन टक्के उतरलाय, चारशे ग्रॅममध्ये! वाढत्या मुलात नुसता काटा बघितला की असं होतं. मात्र अजूनही खूप जास्त आहे. आपल्याकडे आयएपीचे (भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे) २०१५ चे वाढीचे तक्ते वापरतात, त्यातली लठ्ठपणाची रेष मोठ्यांच्या २७ बीएमआयशी जुळवलेली आहे, तीही त्याच्या वयाला आणखी खाली येते. तुमच्या डॉक्टरांना नवी उंची दाखवा, एसजीपीटी परत केव्हा करायचं तेही विचारा. इंजेक्शनचं त्यानंतर तेच ठरवतील.

मृण्मयी_ठाणे
शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतलीय. लॅबवाल्यांचा परत फोन आला, आता साडेसहा हजार म्हणतायत 😀 चौकटीवरची खूण पुसू नको म्हणाला मुलगा, पुढच्या महिन्यात परत मोजायचंय त्याला.